सगळ्यांसारखा फोन घेऊ, की खोलता येईल असा?

वाचकाचं पत्र: दादा, मी दारव्हा तालुक्यातला. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स झालंय, घरची पाच एकर शेती पाहतो आणि दुपारून एका मोबाईलच्या दुकानात बसतो. हातातला फोन सारखा हँग मारून राहिला म्हणून सोयाबीनच्या पैशातून सोळा हजारांपर्यंत नवीन घ्यायचं ठरलंय. मला असा पाहिजे की ज्याचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा कुलूपबंद छोटा प्रोग्राम, अनलॉक होते, लिनेजओएस म्हणजे लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड टाकता येते, आतलं काय चाललंय ते पाहता येते. जमलंच तर बाहेरून पाइनफोन हा लिनक्सवर चालणारा फोन मागवावा असंही डोक्यात आहे. बाबा म्हणतात, "साऱ्या गावापाशी हाये तोच घे ना बा, तुले काहून येगळा पायजे? बिघडला तं दारव्ह्यात दुरुस्त तरी होते." घरात एकच स्मार्टफोन राहणार आहे, बँक, पीएम किसान, ई-पीक पाहणी सगळं त्यावरच. एक रेडमी नोट ४ कपाटात पडून आहे, फोल्डर (डिस्प्ले आणि टच) फुटलेला. पैसे मी दिले, फोन माझ्या नावावर, मग त्याच्यात काय चालवायचं ते कंपनी काहून ठरवते? हट्ट करू की बाबांचं ऐकू?

भाऊ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यातलं एक वाक्य तू सहज लिहून गेला असशील पण सगळं उत्तर तिथंच अडकलंय, ते म्हणजे घरात एकच स्मार्टफोन राहणार आहे.

आधी सरळ सांगतो, मग बाकीचं बोलू. नवीन फोन असा घे की ज्याचं फोल्डर दारव्ह्यात किंवा फार तर यवतमाळला मिळते आणि ज्याचा बूटलोडर कंपनी उघडू देते, दोन्ही गोष्टी पाहिजेत, पण घेतल्यावर वॉरंटीचं वर्ष संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पाइनफोन आता नको. आणि जी काही खाटखूट करायची ती नवीन फोनची वाट न पाहता उद्यापासून कपाटातल्या रेडमीवर.

आता बाबांचं. त्यांच्या बोलण्यात तुला फक्त "सगळ्यांसारखा घे" एवढंच ऐकू आलं, पण त्यांनी पुढं कारण दिलंय ना, दुरुस्त होते म्हणून. मी तालुक्याच्या गावी नऊ वर्षं रिपेअरिंगचं काउंटर चालवलं आणि तेवढ्या वर्षांत एवढं पक्कं समजलं, की फोन आपल्या हातात राहतो की नाही हे पहिल्यांदा सॉफ्टवेअरवर नाही ठरत, ते फोल्डर, चार्जिंग पट्टी आणि बॅटरी या तीन गोष्टींवर ठरते. या तीन वस्तू हाताशी मिळाल्या तर चार वर्षांचा फोन आठ वर्षं चालते. नाही मिळाल्या तर कितीही ओपन असो, तो ड्रॉवरमध्ये जाते. बाबा जे मागून राहिले ते खरं तर तुझ्याच बाजूचं आहे, त्यांना पण असाच फोन पाहिजे जो कंपनीकडे न जाता इथल्या इथं खोलून नीट करता येईल.

आणि आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे, कारण ऊन. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी ४५ अंशांच्या वर जातात, आणि ॲपलसारखी कंपनी आपल्या कागदावर लिहिते की फोन वापरायचा तो ० ते ३५ अंशांच्या हवेत. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर खराब होते आणि फुगते. एका उन्हाळ्यात एक माणूस काउंटरवर आला, फोनचं मागचं कव्हर एका बाजूनं नखभर उचललेलं आणि त्यानं दोन रबर बँड लावून ते दाबून ठेवलं होतं, ट्रॅक्टरवर समोर ठेवून गाणे ऐकत नांगरणी करायचा. त्याला वाटलं कव्हर निघालं, फेविक्विक लावून द्या. खोलला तर आत बॅटरी उशीसारखी झालेली आणि फोल्डरला आतून रेटा देऊन राहिलेली, अजून आठ दिवस गेले असते तर डिस्प्लेपण गेला असता. ती बॅटरी काढायला पाऊण तास लागला, कारण कंपनीनं ती डिंकानं अशी चिकटवलेली की हीट गननं थोडं थोडं गरम करून प्लास्टिकचा ओपनर केसभर केसभर सरकवावा लागते, आणि फुगलेल्या बॅटरीला धातूचं काही टोचलं तर ती पेट घेते. तू दुकानात बसतो म्हणजे हे पाहिलं असशील. २०१५ च्या गॅलेक्सी जे७ मध्ये हेच काम नखानं कव्हर काढून व्हायचं.

म्हणून पत्रात तू बूटलोडरचं लिहिलं पण बॅटरीचं एक शब्द लिहिलं नाही, ते मला थोडं खटकलं. ओपन फोन ओपन फोन म्हणतात त्याची सुरुवात स्क्रूपासून होते. हॉलंडची फेअरफोन कंपनी हेच करते, २०२३ चा फेअरफोन ५ एका साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं घरी खोलता येते, बॅटरी, डिस्प्ले, चार्जिंगचा भाग वेगवेगळा निघते, आणि सॉफ्टवेअर २०३१ पर्यंत देऊ म्हणून कबूल केलंय. भारतात मात्र तो अधिकृत विकायला नाही. युरोपात तर २० जून २०२५ पासून कायदाच झाला, की फोनचं मॉडेल विकणं बंद केल्यावरही पुढं सात वर्षं सुटे भाग द्यायचे आणि पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगली गोष्ट आहे, पण तसा कायदा अजून पाहिजे आणि तो मागायला पाहिजे असं मला मनापासून वाटते.

आता तुझा खरा प्रश्न, पैसे आपण देतो मग आतलं ठरवते कोण.

तुझ्या घरचंच उदाहरण घे. पऱ्हाटीचं बियाणं तुम्ही दरवर्षी पाकिटातलं आणता, कारण ते हायब्रिड आहे, घरची सरकी पेरली तर तसं पीक येत नाही. पीक चांगलं येते, त्यात वाद नाही, पण पुढच्या मृगाला पुन्हा दुकानात जाणं आलंच. सोयाबीनचं तसं नाही, सरळ वाण असेल तर घरचं चाळून ठेवलं की पुढच्या वर्षी पेरता येते, फक्त पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजायचं. बूटलोडर बंद असलेला फोन हा पाकिटातल्या बियाण्यासारखा आहे. कंपनी जोवर अपडेट देते तोवर मस्त, तिनं हात काढला की हार्डवेअर धडधाकट असूनही फोन जुना ठरते, कारण चालू होताना सगळ्यात आधी जो छोटा प्रोग्राम उठते तो कंपनीची सही नसलेलं काहीच सुरू होऊ देत नाही. बूटलोडर उघडता आला तर मग दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड टाकता येते.

आणि हे बनवता येते ते काही कंपन्यांच्या उपकारानं नाही. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नल हा गाभ्याचा प्रोग्राम आहे, त्याचं लायसन जीपीएल, म्हणजे फोन विकणाऱ्यानं कर्नलचा सोर्स कोड द्यायलाच पाहिजे. तो मिळाला की कुठल्यातरी शहरातला एखादा पोरगा रात्री जागून तुझ्या मॉडेलसाठी नवीन अँड्रॉइड उभं करते. सायनोजेनमॉड नावाचं मोठं काम असंच उभं राहिलं होतं, २०१४ मध्ये वनप्लसचा पहिला फोन सायनोजेनचं सॉफ्टवेअर टाकूनच विकला गेला, नंतर डिसेंबर २०१६ मध्ये ते बंद पडलं आणि त्याच लोकांनी लगेच लिनेजओएस सुरू केलं.

तुझ्या कपाटातला रेडमी नोट ४ यात सोन्यासारखा होता. जानेवारी २०१७ ला भारतात आला, स्नॅपड्रॅगन ६२५, ४१०० ची बॅटरी, गावागावात विकला गेला म्हणून फोल्डर-पट्टी आजही कुठं ना कुठं सापडते. कंपनीनं तो अँड्रॉइड ७ वर सोडून दिला. लोकांनी मात्र त्यावर ८, ९, १०, ११, १२ सगळं चालवलं. इंटरनेटवर त्याला मिडो म्हणून ओळखतात, शोधताना याच नावानं शोध. सगळ्या गावापाशी असलेला आणि सगळ्यात जास्त खोलला गेलेला, तो एकच फोन होता. बाबांचा आणि तुझा हट्ट एका डब्यात बसू शकते ते इथं दिसते.

मग मी नवीन फोन अनलॉक करू नको काहून म्हणून राहिलो?

कारण त्यावर घर चालणार आहे. बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप उघडलं की ते गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारते, हा फोन कंपनीनं दिला तसाच आहे का, की आतलं कोणी बदललं. बूटलोडर उघडा असला की उत्तर नाही असं येते आणि बरीच बँकेची ॲपं तिथंच थांबतात. मॅजिस्क नावाचं टूल लावून या तपासणीला चकवणारे आहेत, मीपण केलंय, दोन महिने चालते आणि मग एका सकाळी गूगल काहीतरी बदलते आणि ॲप उघडतच नाही. तुला एकट्याला ते चालेल, तू रात्री बसून काढशील मार्ग. पण त्या सकाळी बाबा कृषी केंद्रात खताचे पैसे द्यायला उभे असतील तर? २०२१ पासून ई-पीक पाहणी फोनवर आली, २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी आली, म्हणजे पीक वावरात आणि त्याचा कागद फोनमध्ये असं होऊन बसलंय. यातलं प्रत्येक ॲप अडेलच असं मी म्हणत नाही, पण शेवटच्या तारखेला अडलं तर सोळा हजारांपेक्षा जास्त नुकसान होईल.

दुसरं, फोन करणं. जिओकडे २जी-३जी नाहीच, आवाज सगळा व्होएलटीईवर, म्हणजे ४जीच्या नेटमधूनच जाते, आणि बाहेरची रॉम, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाकल्यावर व्होएलटीई चालणं हे त्या मॉडेलवर आणि रॉम बनवणाऱ्यावर अवलंबून. नेट फुल चालते आणि कॉलच लागत नाही असं मी स्वतः पाहिलंय.

पाइनफोनचं मला आतून कौतुक आहे, ते लपवत नाही. २०२० मध्ये आला, किंमत दीडशे डॉलर, अँड्रॉइड नाहीच, सरळ लिनक्स. मागचं झाकण नखानं काढलं की आत सहा बारीक स्विच, सिमचं नेटवर्क पकडणाऱ्या मोडेमचा वेगळा, वायफायचा वेगळा, माइकचा वेगळा, दोन्ही कॅमेऱ्यांचे वेगळे, सुईनं खाली केला की तो भाग खरोखरच बंद. आणि बॅटरी कोणत्या मापाची? त्याच गॅलेक्सी जे७ च्या, म्हणजे दारव्ह्याच्या दुकानातली जुनी जे७ ची बॅटरी त्यात बसते. हे वाचलं तेव्हा मला लय आनंद झाला होता, कोणीतरी विचार करून बनवलंय असं वाटलं. पण त्याच्यावर तुझं बँकेचं ॲप नाही, प्रोसेसर जुना आणि मंद, आणि फोल्डर फुटलं तर नागपूर-पुण्यातही कोणी देणार नाही. नोकरी लागली, घरात दुसरा फोन आला, की तेव्हा जरूर घे शिकायला.

एक गोष्ट माझी सांगतो, कारण ती तुझ्यासोबत होऊ नये. बूटलोडर अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जाते. तशी रचनाच आहे, चोरानं अनलॉक करून तुमचं आतलं पाहू नये म्हणून. मला हे माहीत होतं, दुसऱ्यांना सांगायचोपण. तरी एका रात्री स्वतःच्या फोनला कॉम्प्युटरवरून अनलॉक करायचं फास्टबूट लावलं, पडद्यावर सगळं पुसलं जाईल असं आलं, मी व्हॉल्यूमचं बटण दाबून हो केलं, मनात फक्त नवीन अँड्रॉइड कधी दिसते एवढंच. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, पोळ्याचे फोटो दाखव म्हणून. त्यात आजी होती, बैलाच्या शिंगाला बेगड लावताना, बसून, हातात कात्री घेऊन. तो तिचा शेवटचा पोळा निघाला. फोटो दुसरीकडे कुठंच नव्हते. आईनं नंतर कधी विषय काढला नाही, पण मला अजूनही तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन फिरणारे पोरं दिसले की ते आठवते. तर आधी सगळे फोटो, कॉन्टॅक्ट, व्हॉट्सॲप मेमरी कार्डवर आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर, दोन जागी, आणि उघडून पाहायचे दिसतात का, मगच केबल लावायची.

आता नवीन फोन निवडायचा कसा. मी मॉडेल सांगत नाही कारण तू दुकानात जाईपर्यंत ते बदललेलं असेल, पण सोयाबीनच्या उगवण चाचणीसारखं आधी तपासून घे. लिनेजओएसच्या यादीत ते मॉडेल आहे का, असेल तर शेवटची फाइल याच महिन्यातली आहे का, नाव असून दोन वर्षं अपडेट नसेल तर ते दाणे उगवले नाहीत असं समज. मग कंपनी अनलॉक देते का. मोटोरोला स्वतःच्या वेबसाइटवरून बऱ्याच मॉडेलांना अनलॉकचा कोड देते, नथिंग आणि त्यांचाच सीएमएफ, गूगलचा पिक्सेल हे बऱ्यापैकी सरळ उघडतात. शाओमीचं आधी अकाउंट जोडून साधारण १६८ तास थांबावं लागायचं, त्यांचं नवं सॉफ्टवेअर हायपरओएस आल्यावर आणखी कठीण झालं. सॅमसंगचं अनलॉक केलं की आतला नॉक्सचा, म्हणजे त्यांच्या सुरक्षेच्या यंत्रणेचा, फ्यूज कायमचा उडते, परत लॉक केलं तरी जुळत नाही, आणि त्यांच्या वन यूआय ८ या सॉफ्टवेअरपासून तर तो पर्यायच काढून टाकला. पण सॅमसंगची दुसरी बाजूपण सांगायला पाहिजे, गॅलेक्सी ए१६ सारख्या स्वस्तातल्या फोनला त्यांनी सहा वर्षांचे अपडेट जाहीर केले, म्हणजे उद्या बाबांनी तोच घ्यायचा ठरवला तर त्यात काही वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पिक्सेल ग्राफीनओएस या सुरक्षेवर भर देणाऱ्या अँड्रॉइडसाठी सगळ्यात चांगला, पण त्याचं फोल्डर आपल्या तालुक्यात मागून पाहा, दुकानदार तोंडाकडे पाहत राहतो. सीएमएफचा पहिला फोन २०२४ मध्ये सोळा हजारांच्या आत आला होता आणि त्याचं मागचं कव्हर चार स्क्रूंवर निघते, ते पाहून मला बरं वाटलं, पण बॅटरी तरी आत चिकटवलेलीच.

हप्त्यावर घेऊ नको. फायनान्सवर घेतलेल्या फोनात बरेचदा त्यांचं लॉक करणारं ॲप बसवलेलं असते आणि हप्ते फिटेपर्यंत तो फोन कोणत्याच अर्थानं तुझा नसते. जुना घेत असशील तर स्टार-हॅश-०६-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा नंबर, काढ आणि केवायएम लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ वर एसएमएस कर, चोरीचा असला तर समजते.

राहिला रेडमी. यासाठी तुला एक काम देतो, कारण नुसतं रॉम टाकून नवीन आयकॉन पाहिले की आठ दिवसांत कंटाळा येते.

तुमच्या वावरातली लाईट आठवड्याला दिवस-रात्र बदलत असेल. रात्रीच्या पाळीत कधी येते कधी जाते काही नक्की नाही, आणि बाबा टॉर्च घेऊन डुकरांच्या, सापांच्या वाटेनं दोनदा जाऊन येतात फक्त मोटर चालू आहे का पाहायला. रेडमीत साधं सिम टाक, एसएमएसचं रिचार्ज मार, चार्जरला लावून वावरातल्या कोठ्यात ठेव. एफ-ड्रॉइड या ओपन ॲपच्या स्टोअरवरून टर्मक्स (फोनवर कमांड चालवायचं ॲप) आणि टर्मक्स-एपीआय टाक, दोन्ही तिथूनच, कारण एक प्ले स्टोअरवरून आणि एक तिथून असं जुळत नाही. त्यात एका कमांडनं चार्जर लागलाय का नाही ते कळते, दुसऱ्या कमांडनं एसएमएस जाते. आता दर दोन मिनिटांनी पाहायचं, मघाशी चार्जिंग नव्हतं आणि आता आहे, म्हणजे लाईट आली, की घरच्या फोनवर मेसेज. दहा-बारा ओळींचं काम आहे. यासाठी अनलॉकपण लागत नाही, आधी कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर करून पाहा. मग दोन-तीन रात्रींत तुझ्या लक्षात येईल की फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली टर्मक्सला मधेच मारून टाकते आणि मेसेज येतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन सगळं बंद करून पाहा. तरी नाही जमलं तर मग लिनेजओएस टाक, आणि तेव्हा तुला स्वतःला दिसेल आपण हे काहून करून राहिलो.

फोल्डर टाकताना ओरिजिनलच्या मागं लागू नको, या कामाला साधं चालते, टच धड पाहिजे फक्त. बॅटरी मात्र नवीन टाक, जुनी सात-आठ वर्षांची दिवसरात्र चार्जरला लावणं धोक्याचं आहे. आणि स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवशील तर उन्हानं पंधरा दिवसांत फुगेल, कोठ्यात सावलीला, जमिनीपासून उंच, आजूबाजूला कडबा-कुटार नसलेल्या जागी टांग. पहिला मेसेज आला की बाबांना दाखव आणि मला कळव.